पट्टी कोणी आखली, रसायनाने की पाण्याने?

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या प्रबंधातली सगळ्यात देखणी आकृती काढून टाकली. सिलिकॉनच्या तुकड्यावर दहा मायक्रोमीटर रुंदीच्या समांतर पट्ट्या होत्या, पट्ट्यांवर ग्राफीन ऑक्साइड आणि मधल्या जागा स्वच्छ. ती आकृती बघून प्रयोगशाळेतल्या ज्युनियर मुलांनी मोबाइलवर फोटो काढले होते. सहामाही आढाव्यात एका बाहेरच्या परीक्षक मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "अमीन न लावता हीच पट्टी काढून बघितलीस का?" नव्हती बघितली. आढाव्यानंतर बघितली, तर पट्टी तशीच आली. जराशी फिकट होती, पण आली.

तेव्हापासून मी या विषयावरचे पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचतेय, आणि त्यातले काही इथे तुमच्यासोबत वाचायचे आहेत. पीएचडीचा विषय ठरवण्याच्या टप्प्यावर असाल तर हे वाचन उपयोगी पडेल, कारण या क्षेत्रातले पेपर चित्रांनीच आपल्याला ओढतात. मीही चित्र बघूनच आले होते.

आधी विषय थोडक्यात सांगते. ग्राफाइटला तीव्र ऑक्सिडीकरण करणाऱ्या रसायनांत घातलं की त्याचे थर सुटे होऊन पाण्यात तरंगतात. हमर्स आणि ऑफमन यांची १९५८ सालची पद्धत थोडेफार बदल करून आजही सगळे वापरतात. मिळतं ते ग्राफीन ऑक्साइड. बाटलीत ते फिक्या कोऱ्या चहासारखं दिसतं. एकेक तुकडा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, पण लांबी-रुंदीला काहीशे नॅनोमीटरपासून कित्येक मायक्रोमीटरपर्यंत काहीही. कडांना कार्बोक्सिल गट असल्यामुळे पाण्यात त्यावर ऋणभार असतो. आता सेन्सर किंवा इलेक्ट्रोड बनवायचा तर हे तुकडे ठरावीक जागीच हवेत. एक मार्ग म्हणजे सगळीकडे पसरायचे आणि नको तिथले प्लाझ्माने जाळून टाकायचे. दुसरा मार्ग जास्त मोहक आहे. पृष्ठभागावर आधी रेणूंचा एक अदृश्य साचा छापायचा, म्हणजे कुठे अमीन, कुठे मिथाइल, आणि तुकड्यांनी आपापली जागा स्वतः शोधायची. हा रासायनिक साचा.

(कापूर जाळून कार्बनची पापुद्री करण्याचं काम आपल्याकडे अनेकांना ऐकून माहीत असतं. प्रकाश सोमाणी, सविता सोमाणी आणि मासायोशी उमेनो यांनी २००६ साली जपानच्या चुबू विद्यापीठातून कापरापासून निकेलवर ग्राफीनचे थर वाढवल्याचं प्रसिद्ध केलं, आणि वाफेतून ग्राफीन वाढवण्याच्या इतिहासात तो पेपर सुरुवातीलाच येतो. पण तिथे थर धातूवर सगळीकडे वाढतो. हवा तिथेच ठेवायचा, ही पुढची वेगळी डोकेदुखी. मी बोलतेय ती त्या डोकेदुखीबद्दल.)

साचे छापायची साधनं तयार होतीच. अमित कुमार आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी १९९३ साली मऊ रबरी शिक्क्याने सोन्यावर रेणू छापून दाखवले. १९९९ साली चॅड मिर्किन यांच्या गटाने एएफएमच्या सुईलाच बोरू करून रेणूंची शाई वापरली. त्याच वर्षी राइस विद्यापीठातून जिए लिऊ आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. सहकाऱ्यांत रिचर्ड स्मॉली होते, ज्यांना १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. त्यांनी पृष्ठभागाचा काही भाग अमीनचा केला, बाकीचा मिथाइलचा, आणि कार्बन नॅनोट्यूब अमीनच्या भागावर बसल्या. एकेक सुटी ट्यूब, ठरवलेल्या जागी. तेव्हा ही मोठी गोष्ट होती आणि आजही आहे.

इथपर्यंतची कथा सरळ वाटते: अमीन ओढतं, मिथाइल ओढत नाही. आता २००३ चा नेचरमधला सलीम राव, सेऊनहून हाँग आणि सहकाऱ्यांचा छोटासा पेपर घ्या. मोठ्या क्षेत्रावर नॅनोट्यूब मांडण्याबद्दलचा. तिथे ट्यूब ध्रुवीय भागाकडे जातात, आणि ध्रुवीय म्हणजे काय? अमीन चालतं, कार्बोक्सिलही चालतं. इथे थांबायला हवं. मी पहिल्यांदा वाचताना थांबले नव्हते, सरळ पुढच्या आकृतीकडे गेले होते. अमीन धनभार घेतं, कार्बोक्सिल ऋणभार घेतं. दोन्ही विरुद्ध स्वभावाचे गट एकाच वस्तूला बोलवत असतील, तर "धन-ऋण आकर्षण" हे एवढंच स्पष्टीकरण पुरणार नाही. दोघांत समान काय आहे? दोघंही ओले होतात. मिथाइल होत नाही.

२००६ साली हा धागा मिर्किन यांच्या गटाने उचलला, पीएनएएसमध्ये. सोन्यावर लांब साखळीच्या कार्बोक्सिल रेणूंचे ठिपके, बाकी जागेत मिथाइल टोकाचे रेणू. नॅनोट्यूब त्या ठिपक्यांच्या कडेला लागल्या, वाकल्या, कड्या झाल्या, कमानी झाल्या, अक्षरंसुद्धा झाली. हा पेपर वर्गात दाखवला की मुलं खुर्चीत सरसावून बसतात. पण शीर्षक आणि सारांश शेजारी ठेवून वाचा. शीर्षकात या साच्यांना ओढीचे साचे म्हटलंय. ओढ कशाची? सारांशात लेखक स्वतःच सांगतात की कार्बोक्सिलचे भाग आधी नॅनोट्यूब वाहून आणणाऱ्या द्रवाला स्वतःवर धरून ठेवतात, आणि मग ट्यूब व त्या भागातलं व्हॅन डर वाल्स आकर्षण मांडणी घडवतं. सिम्युलेशन करून त्यांनी ते तपासलंही. म्हणजे साचा पहिल्यांदा द्रवाचा साचा आहे, मग ट्यूबचा. ही गोष्ट त्यांनी लपवलेली नाही. शीर्षकात मात्र ती नाही, आणि मागून येणारे आपण बहुतेक जण शीर्षकच उचलतो.

इथे मला घराजवळची एक गोष्ट सांगायचीय. मी द्रोणागिरीत राहते. उरण तालुका मिठागरांचा. आज जिथे आमचे टॉवर आणि कंटेनरचे यार्ड आहेत, त्यातली बरीच जमीन खाजण आणि आगरं होती. मिठागरात काय करतात? बांध घालून कप्पे करायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, उघाडी बंद करायची. बाकीचं काम ऊन आणि वारा करतात. मीठ कुठे बसणार हे बांध ठरवतो, यात शंका नाही. पण बांधाला मिठाची ओढ आहे असं आमच्याकडचा एकही आगरी माणूस म्हणणार नाही. त्याने पाणी अडवलं, एवढंच. माझ्या पट्ट्यांचं नेमकं हेच झालं होतं, आणि मी प्रबंधात लिहून बसले होते की बांधाला मीठ आवडतं.

माझा प्रयोग असा होता. सिलिकॉनवरच्या ऑक्साइडवर शिक्क्याने मिथाइल टोकाच्या सिलेनच्या रेघा छापल्या. मधल्या रिकाम्या जागा अमीनच्या सिलेनने भरल्या. तुकडा ग्राफीन ऑक्साइडच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला, धुतला, वाळवला. अमीनच्या जागी तपकिरी पट्टी. मॅडमच्या प्रश्नानंतर मी मधल्या जागा न भरता तशाच उघड्या ऑक्साइडच्या ठेवल्या. साधारण पीएच २-३ च्या वर सिलिकाचा पृष्ठभाग पाण्यात ऋण असतो, म्हणजे ऋणभारित ग्राफीन ऑक्साइडला त्याने दूर लोटायला हवं. तरी पट्टी आली. का? तुकडा बाहेर काढताना पाणी मिथाइलच्या रेघांवरून सटकलं आणि मधल्या ओल्या होणाऱ्या जागांत अडकलं. तिथेच ते वाळलं, आणि आत तरंगणारे तुकडे तिथेच उरले. अमीनने काहीच केलं नाही असं नाही. फिकट आणि गडद यांतला फरक अमीनचा आहे. पण आकृतीत जो आकार दिसत होता, ज्याचे मोबाइलवर फोटो निघाले, तो आकार पाण्याने काढला होता.

आता २००८ चा नॅनो लेटर्समधला पेपर, जो माझ्या कामाचा थेट पूर्वज आहे. झोंगचिंग वेई, डॅनियल बार्लो आणि पॉल शीहन, अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले. सोन्यावर रेणूंचे साचे, त्यांवर ग्राफीन ऑक्साइडचे एकपदरी तुकडे, आणि मग त्यांचं ग्राफीनमध्ये रूपांतर. नॅनोट्यूबसारखी दोरी नव्हे तर चादर साच्यावर बसवता येते, हे या कामाने स्पष्ट केलं, आणि त्याचं महत्त्व कमी करायचा माझा हेतू नाही. चादर बसवणं दोरीपेक्षा अवघड आहे. दोरी कडेला वाकून बसू शकते. चादर साच्यापेक्षा मोठी असेल तर ती बाहेर लोंबते, दुमडते, किंवा शेजारच्या दोन पट्ट्यांवर पुलासारखी पडते. लहान असेल तर पट्टी भरायला दहा तुकडे एकमेकांवर चढतात, आणि वीज वाहताना प्रत्येक जोडावर अडखळते.

त्या पेपरच्या शीर्षकातल्या एका शब्दावर मात्र मला बोलायचंय: ग्राफीन. रासायनिक क्षपणाने ऑक्सिजनचा बराचसा भाग निघून जातो, पण सगळा नाही, आणि जाताना जाळीत भोकं, दोष ठेवून जातो. नोवोसेलोव्ह आणि गाइम यांनी २००४ साली चिकटपट्टीने ग्राफाइटवरून सोलून काढलेलं ग्राफीन आणि हे, दोघांच्या विद्युतगुणांत फार मोठं अंतर आहे. २००८ मध्ये सगळेच हा शब्द सैल वापरत होते, त्यामुळे लेखकांना दोष देणं बरोबर नाही. आता आपण क्षपित ग्राफीन ऑक्साइड म्हणतो. पण तुम्ही जुने पेपर वाचून आकडे तुलनेच्या तक्त्यात भरत असाल, तर "ग्राफीन" या स्तंभात काय काय शिरतंय ते बघा. माझ्या पहिल्या वर्षाच्या तक्त्यात दोन्ही एकाच रांगेत बसले होते.

खरी तक्रार पूर्वजांबद्दल नाही, वंशजांबद्दल आहे, आणि त्यांत मी आहे. २००८ नंतर अमीनवर ग्राफीन ऑक्साइड बसवणारे पुष्कळ पेपर आले. त्यांत स्पष्टीकरणाचं एक ठरलेलं वाक्य असतं: ऋणभारित तुकडे धनभारित अमीनकडे ओढले जातात. वाक्य चूक नाही. पाण्यात, योग्य पीएचला, हे खरंच घडतं. नॅनोट्यूबचा २००६ चा प्रयोग सेंद्रिय द्रावकातला होता, आपलं काम पाण्यातलं. तिथली यंत्रणा इथे जशीच्या तशी आणता येत नाही, हेही मान्य. पण म्हणूनच ते वाक्य दरवेळी सिद्ध करावं लागतं. नुसतं लिहिलं की लागू होत नाही. आणि सिद्ध करणं फार महाग नाही. पीएच वाढवत नेला की अमीनचा धनभार कमी होत जातो आणि कार्बोक्सिल ऋणच राहतं. ओढ विजेची असेल तर पट्टी फिकी पडायला हवी. पाण्यात थोडं मीठ घाला. एक मिलिमोलर मिठात भाराचा प्रभाव साधारण दहा नॅनोमीटरपर्यंत पोचतो, शंभर मिलिमोलरला एकाच नॅनोमीटरवर संपतो. फक्त इथे एक खड्डा आहे ज्यात मी पडले: मीठ जास्त झालं की तुकड्यांमधलं आपापसातलं प्रतिकर्षणही जातं, ते एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि बाटलीच्या तळाशी बसतात. मग पट्टी आली नाही म्हणून "वीजच होती" असा निष्कर्ष काढाल तर फसाल. आधी बाटली बघा, मग पट्टी.

आणि सगळ्यात साधी गोष्ट, वाळण्याचा टप्पाच काढून टाका. तुकडा द्रवातच ठेवून साध्या पाण्याने ते द्रव हळूहळू बदला, म्हणजे न चिकटलेले तुकडे निघून जातील, आणि मगच बाहेर काढा. पट्टी टिकली तर ती चिकटलेली. किंवा वाळवायचंच असेल तर वाळल्याची खूण शोधा. १९९७ साली शिकागोच्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी थेंबाच्या डागाची कड गडद का होते ते नेचरमध्ये समजावलं होतं. थेंबाची कड एका जागी अडकते, तिथे बाष्पीभवन जास्त, म्हणून आतलं पाणी कणांना घेऊन कडेकडे धावतं. टेबलावर चहा सांडून वाळला की दिसणारी तीच कड. आता छापील पेपरांतल्या पट्ट्या या नजरेने बघा. कडा मध्यापेक्षा गडद आहेत? मग तिथे पाणी वाळलंय. मी माझी जुनी आकृती मोठी करून बघितली. कडा गडद होत्या. वर्षभर समोर होत्या.

वाचताना माझी नजर आता आधी रिकाम्या जागांवर जाते. बहुतेक आकृत्यांत साच्यावर किती बसलं हे मोजलेलं असतं; साच्याबाहेर किती बसलं, त्याचा आकडा शोधावा लागतो. खरं मोल या दोन्हींच्या गुणोत्तराचं आहे. शिवाय एएफएमची उंची. एकपदरी ग्राफीन ऑक्साइड हवेत साधारण एक नॅनोमीटर भरतं, पण हवेतलं पाणी ते शोषतं आणि थरांमधलं अंतर त्याप्रमाणे बदलतं. अठरा कार्बनांच्या साखळीचा रेणूंचा थर उभा राहिला तर तोच सुमारे दोन नॅनोमीटर. म्हणजे साच्याची स्वतःची पायरी आणि तुकड्याची पायरी एकाच मापाच्या. "इथे तुकडा बसला" म्हणताना कधीकधी आपण साच्याचीच कड मोजत असतो. रामन घेतलं तर १३५० आणि १५८० च्या आसपासची शिखरं सांगतात की कार्बन आहे, पण लेझरचा ठिपका साधारण एक मायक्रोमीटरचा. त्याहून बारीक पट्टीची कड त्याला दिसत नाही. एक यंत्र उंची सांगतं, दुसरं ओळख सांगतं, आणि कडेवर दोघांची गाठ पडत नाही.

आर्द्रतेबद्दलही. प्रयोगपद्धतीच्या भागात तापमान असतं, वेळ असते, कंपनीचं नाव असतं. हवेतली आर्द्रता फार क्वचित असते. अमीनच्या सिलेनला पाण्याचा लवलेश लागतो, पण जास्त झालं की रेणू पृष्ठभागाला धरायचे सोडून एकमेकांना धरतात आणि साच्यावर गोळे तयार होतात. जुलैत स्टेशनवर उतरून घरी चालत गेलात तर शर्ट पिळता येतो, आणि आमची प्रयोगशाळाही खाडीपासून लांब नाही. मे महिन्यातला साचा आणि जुलैतला साचा एकच असं मी दोन वर्षं धरून चालले होते. आता वहीत रोज आर्द्रता लिहिते. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून लिहा. भिंतीवरचा साधा मीटर पुरतो.

कोणी म्हणेल, पट्टी पाण्याने काढली की रसायनाने, सेन्सरला काय फरक पडतो? पट्टी आली ना? पडतो. सेन्सर पाण्यात जायचा आहे. वाळून बसलेले तुकडे पुन्हा ओले झाले की सुटू शकतात; धरून ठेवलेले तुलनेने टिकतात. माझ्या अमीन नसलेल्या पट्ट्या रात्रभर पाण्यात ठेवल्यावर सकाळी जवळजवळ गेलेल्या होत्या. अमीनच्या अर्ध्याअधिक उरल्या. म्हणजे अमीनचं काम खरं होतं, फक्त मी ते चुकीच्या आकृतीत दाखवत होते. नवीन प्रकरणात पट्टीचा फोटो नाही. आधी आणि नंतरचे दोन स्तंभ आहेत, चार पीएचला, आणि प्रत्येकाशेजारी उघड्या ऑक्साइडचा स्तंभ. दिसायला रटाळ आहे. ज्युनियरांनी अजून फोटो काढलेला नाही.

सोन्यावरचं काम करायला पुढच्या महिन्यात आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधेसाठी प्रस्ताव पाठवतेय. इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रामखाली बाहेरच्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तिथे काम करता येतं, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं म्हणून मुद्दाम लिहिलं. प्रस्तावात नमुन्यांची यादी द्यायची आहे. पहिल्या तीन ओळींत अमीन आहे, चौथ्या आणि पाचव्या ओळीत नाही.